लोअर काफ क्रीक धबधबा (यूटा): आई-बाबांना घेऊन एका दिवसात जाऊन येता येईल का?

प्रश्न – फिनिक्सवासी सातारकर

नमस्कार. मे महिन्याच्या अखेरीस माझे आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे येत आहेत. दोघांनीही पासष्टी ओलांडली आहे, पण अजिंक्यताऱ्यावर नियमित जाण्याचा त्यांचा परिपाठ अजून सुटलेला नाही. वाळवंटातल्या घळीत कोसळणारा धबधबा पाहण्याची बाबांची फार इच्छा आहे. आधी ग्रँड कॅन्यनमधल्या हवासू धबधब्याचा विचार होता. परंतु तिथली मूळनिवासी हवासुपाई जमात तिथे एका दिवसात जाऊन येण्यास परवानगी देत नाही, मुक्कामाचे आरक्षण असावेच लागते, म्हणून तो बेत सोडला. आता एस्कलांटे गावाजवळच्या लोअर काफ क्रीकचा विचार आहे. जाऊन-येऊन सुमारे ६ मैलांची ही वाट त्यांना झेपेल का, आणि पावसाळा नसताना धबधब्याला पाणी असते का?

उत्तर – वाटसरू

अवश्य न्या. वाटेत मोठा चढ नाही, परंतु सुमारे १० किलोमीटर एवढ्या आकड्यावरून या वाटेचा अंदाज बांधू नका, कारण तिचा बराचसा भाग भुसभुशीत वाळूचा आहे आणि कोकणातल्या पुळणीवर चालताना पोटऱ्या जशा भरून येतात, तशाच इथेही येतात. अजिंक्यताऱ्याच्या पायऱ्या चढणाऱ्यांचा दम इथे कमी पडणार नाही. फक्त वेग कमी राहील हे गृहीत धरून अर्धा दिवस हाताशी ठेवा. आईंसाठी चालण्याची काठी आणि घोट्यापर्यंतचे बूट घ्या.

फिनिक्सहून त्याच दिवशी निघून हे साधणार नाही. आदल्या रात्री एस्कलांटेत मुक्काम करा. तिथून १२ क्रमांकाच्या महामार्गाने सुमारे १५ मैलांवर वाट सुरू होते. वाहनतळ लहान असून लवकर भरतो, म्हणून उजाडताच पोचणे उत्तम. जाताना ऊन कोवळे असते, पण खरी कसोटी परतीच्या वाटेवर लागते, कारण तोवर वाळू तापलेली असते आणि सावली तुटक असते. माणशी किमान ३ लिटर पाणी गावातूनच भरून घ्या. ओढा वाटेच्या सोबतीने वाहतो, तरी त्याचे पाणी शुद्ध केल्याशिवाय पिऊ नये. मोबाइलच्या संपर्कावर विसंबू नका.

उत्तर – खडकवेडा

पाण्याची काळजी नको. सह्याद्रीतले बहुतेक धबधबे पावसावर जगतात आणि दिवाळीनंतर आटतात. हा १२६ फुटांचा धबधबा मात्र झऱ्यांवर पोसलेला असल्याने बारमाही आहे. भोवतालचे कडे नवाहो वालुकाश्माचे, म्हणजे ज्युरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्या दगड होऊन बनलेले आहेत. पावसाचे आणि बर्फाचे पाणी या सच्छिद्र खडकात मुरते आणि खालच्या कमी पाझरणाऱ्या थराशी अडून घळीत बाहेर येते.

वाटेत घाई करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. पलीकडच्या कड्यावर गडद तांबड्या रंगात हातात हात घेतल्यासारख्या तीन मोठ्या मानवाकृती रंगवलेल्या आहेत. खांदे रुंद आणि कंबर निमुळती अशी ही फ्रीमाँट या तिथल्या प्राचीन मूळनिवासी लोकांची चित्रे शेकडो वर्षांपूर्वीची आहेत. ती वाटेवरूनच पाहावीत. दुर्बीण नेल्यास बाबांना फार आनंद होईल. पुढे बीव्हर या प्राण्यांनी बांध घालून अडवलेल्या संथ पाण्यात ब्राउन ट्राउट मासे प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी स्थिर राहिलेले दिसतात.

फिनिक्सवासी सातारकर

दोघांचेही मनापासून आभार. धबधब्याखालच्या डोहात उतरता येते का? आणि मे महिन्यात जमले नाही, तर ऑगस्ट चालेल का?

उत्तर – वाटसरू

डोहात उतरता येते, मात्र पाणी मे महिन्यातही बर्फासारखे गार असते. वडीलधाऱ्यांनी काठावर बसून पाय सोडावेत, एवढे पुरे. ओलसर काठाने तीन-तीन पानांची पॉयझन आयव्ही उगवते; तिच्या स्पर्शाने अंगावर पुरळ उठते, म्हणून झुडपांत शिरू नका.

ऑगस्ट मी टाळेन. जुलै ते सप्टेंबर हा तिथला वळिवाचा काळ आहे, आणि डोक्यावर आभाळ निरभ्र असतानाही वरच्या अंगाला झालेल्या पावसाने घळीत अचानक लोंढा येऊ शकतो. मे महिना हुकलाच, तर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात न्या. तेव्हाही निघण्यापूर्वी एस्कलांटेच्या माहिती केंद्रात हवामानाची चौकशी अवश्य करा.