मदत हवी आहे: कॅथरीन द ग्रेट आणि भूदासांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनगटात मला रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिच्यावर बोलायचं आहे. १७६२ ते १७९६ ही तिची कारकीर्द वाचताना मी एका जागी अडकले आहे.

१७६८ मध्ये देवीच्या रोगाची दहशत असताना तिने इंग्लंडहून डॉ. डिम्सडेल यांना बोलावलं आणि आधी स्वतःला टोचून घेतलं, मग मुलाला. किती धाडस! पैशांची अडचण असलेल्या फ्रेंच विचारवंत दिदरोचं ग्रंथालय विकत घेऊन पुस्तकं त्याच्याकडेच ठेवली, वर ग्रंथपाल म्हणून पगारही दिला. मुलींसाठी स्मोल्नी संस्था काढली. १७६७ मध्ये कायदे सुधारायला आयोग बसवला, त्याच्यासाठी ‘नकाझ’ (मार्गदर्शक सूचना) लिहिला, त्यात छळाला विरोध केला.

आणि त्याच वर्षी जमीनदाराविरुद्ध थेट सम्राज्ञीकडे तक्रार करायला भूदासांना, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांना, बंदी! पुढे पुगाचोव्हच्या नेतृत्वाखाली कोसॅक आणि शेतकऱ्यांचा उठाव, आणि १७९० मध्ये भूदासांची दैना मांडणाऱ्या लेखक रादिश्चेव्हला सैबेरियात हद्दपारी.

सरदारांच्या पाठिंब्यावर गादी मिळाल्यामुळे तिचे हात बांधलेले होते, हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. आयोगात भूदासांच्या बाजूने कोण बोललं, काय बोललं? यावर मराठीत किंवा हिंदीत काही वाचनीय असेल तर कृपया सुचवा.