एक वृषण पोटात आणि सल्ला काय, तर ‘क्रॉस करून घ्या’?

चिंचगूळ:
काल एका पॉमेरेनियन कुत्रावाल्यांनी विचारलं होतं, ‘पिल्लू ८ महिन्यांचं झालं, एकच वृषण खाली दिसतं, काय करू?’ त्यावर सरदार यांचं उत्तर: ‘काही बिघडत नाही, एक पुरतं. एकदोनदा क्रॉस करून घ्या (मादीवर घाला), दुसरं आपोआप उतरेल.’ वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहिते.

उतरत नाही हो. वृषणं पोटात मूत्रपिंडाजवळ तयार होतात आणि जांघेतून खाली सरकतात. २ महिन्यांच्या पिल्लाची दोन्ही हाताला लागायला हवीत. काहींना उशीर होतो, पण ६ महिन्यांच्या सुमारास जांघेतली वाट बंद होते. क्रॉस करून ती उघडणार आहे का? आत राहिलेलं वृषण अंगाच्या उष्णतेत शुक्रजंतू बनवत नाही, हार्मोन मात्र बनवत राहतं. पुढे त्यात गाठ होण्याचा धोका नेहमीच्या १० पटींच्या आसपास सांगतात. शिवाय पोटात मोकळं असल्यामुळे त्याला पीळ पडू शकतो, तो वेगळाच.

सरदार_सांगली:
ताई, आमच्याकडे वडिलांपासून जर्मन शेफर्ड आहेत. एक वृषण न उतरलेल्या नराची पिल्लं धडधाकट निघाली, लोकांनी रांग लावून नेली. हल्ली काही दिसलं की लगेच कापायचं. नसबंदी केलेला, म्हणजे वृषणं काढलेला नर सुस्तावतो, राखणीच्या कामाचा राहत नाही.

शेरूची_आई:
आम्हालाही ‘काही बिघडत नाही’ असंच सांगितलं होतं. शेरू म्हातारपणाकडे झुकला तशी दोन्ही कुशींवरचे केस गेले, आचळं सुजली, गल्लीतले नर त्याच्या मागे लागायला लागले. आम्ही त्वचारोग समजून शाम्पू बदलत बसलो. सोनोग्राफीत पोटातली गाठ दिसली तोवर रक्त इतकं कमी झालं होतं की ऑपरेशन टेबलावर घ्यायची कोणाची हिंमत होईना. गेला. राखणीचं काय घेऊन बसलात?

रानवारा:
मी पशुवैद्य आहे. शेरूला झाली तशी गाठ इस्ट्रोजेन सोडते, त्याने हाडांतली रक्त बनवणारी अस्थिमज्जा बंद पडते. मग गाठ काढूनही रक्त भरून येईलच असं नसतं. आणि सरदार, पिल्लं होतात हाच तर प्रश्न आहे. हा दोष आनुवंशिक आहे. एफसीआय या कुत्र्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या जातींच्या मानकांत शेवटी लिहिलेलंच असतं की नराची दोन्ही वृषणं पूर्ण उतरलेली हवीत.

काळं_करवंद:
मुळात विकत घेताच कशाला? रस्त्यावर इतकी देशी पिल्लं मरतात. जातिवंताचा हट्ट धरायचा आणि मग रडायचं.

शेरूची_आई:
शेरू रस्त्यावरूनच उचललेला होता. जरा विचारून बोलावं.

सरदार_सांगली:
डॉक्टर, नसबंदीचं पूर्ण सांगा ना. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या पशुवैद्यकांनी जर्मन शेफर्ड आणि गोल्डन रिट्रीव्हरचा अभ्यास केला. वर्षाच्या आत नसबंदी केलेल्यांत सांध्यांचे आजार जास्त निघाले. हे गिऱ्हाइकाला कोण सांगतं?

रानवारा:
मी सांगतो. मोठ्या जातीच्या कुत्र्याला ६ महिन्यांतच टेबलावर घ्यायची घाई मीही करत नाही. हा मुद्दा तुमचा, मान्य. गाठी सहसा मध्यम वयानंतर होतात, तेव्हा वर्ष-दीड वर्ष थांबता येतं. पण थांबणं वेगळं आणि सोडून देणं वेगळं. पॉमेरेनियनच्या बाबतीत तर सांध्यांची ती सबबही लागू होत नाही.

सरदार_सांगली:
मग आतलं तेवढं काढा, बाहेरचं चांगलं कशाला काढता?

रानवारा:
कारण बाहेरचं ठेवलं की तुम्ही त्याला मादीवर घालणार.

चिंचगूळ:
आणि दोष पिल्लांत जाणार. सरदार, तुमच्या वेतात असं पिल्लू निघालं तर घेणाऱ्याला सांगता का? केंद्र सरकारच्या कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे ८ आठवड्यांआधी पिल्लू विकता येत नाही. तेवढ्या वयात चाचपून कळतं.

सरदार_सांगली:
माझ्यावर घसरायचं कारण नाही. विचारलं तर सांगतो. लोक रंग विचारतात, कान विचारतात, हे कोणी विचारत नाही.

शेरूची_आई:
न विचारताही सांगा. एवढंच मागतेय.

सरदार_सांगली:
ठीक आहे, पावतीवर लिहून देईन. आणि तसा नर पुढे लावणार नाही, तुमच्या समाधानासाठी. पण मादीला यात ओढू नका, तिचा काय संबंध?

रानवारा:
संबंध आहे. तिला वृषणं नाहीत म्हणून तिच्यात हा दोष दिसत नाही, पण पिल्लांना तो तिच्याकडूनही जातो. तीच जोडी पुन्हा लावू नका.

सरदार_सांगली:
माझी सगळ्यात चांगली मादी आहे ती. पुढच्या माजाला बघू.

चिंचगूळ:
माजाची वाट कशाला? त्या वेतातले नर ज्यांनी नेले त्यांना आज फोन करा, घरी चाचपून बघायला सांगा. आणि पॉमेरेनियनवाले, वाचत असाल तर आधी सोनोग्राफी करून घ्या. वृषण जांघेत असलं तर ऑपरेशन सोपं जातं, पोटात असलं तर पोट उघडावं लागतं. डॉक्टरांशी तेवढं बोलूनच तारीख ठरवा.