दारूला पाच वर्षांचं धोरण, कुत्र्यामांजरांना का नाही? (चर्चा : इंग्लंडमधल्या काउन्सिलांचे परवाने. प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव.)

टेम्सकाठचा

इंग्लंडमध्ये बहुतेक काउन्सिलांत (म्हणजे स्थानिक पालिकांत) पबचा परवाना आणि कुत्र्यांच्या बोर्डिंगचा (मालक बाहेर असताना कुत्री सांभाळण्याचा) परवाना एकाच खात्यातून निघतो. नियम बदलायची रीत मात्र दोन टोकांची.

दारूसाठी २००३ चा लायसन्सिंग कायदा आहे. त्याच्या कलम ५ प्रमाणे काउन्सिलला दर पाच वर्षांनी परवाना-धोरण नव्याने काढावंच लागतं. आधी हे चक्र तीन वर्षांचं होतं. त्यासाठी पोलीस, अग्निशमन दल, सार्वजनिक आरोग्य संचालक, परवानाधारकांचे आणि रहिवाशांचे प्रतिनिधी या सगळ्यांना विचारावं लागतं, आणि मसुदा काउन्सिलच्या पूर्ण सभागृहाने मंजूर करावा लागतो. नुसत्या परवाना समितीची मान्यता पुरत नाही.

प्राण्यांसाठी २०१८ ची नियमावली, १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू. पाळीव प्राण्यांची विक्री, कुत्र्यामांजरांचं बोर्डिंग, घोडे भाड्याने देणं, कुत्र्यांची पैदास आणि प्रदर्शनासाठी प्राणी पाळणं, ही पाच कामं तिच्यात येतात. स्थानिक धोरण काढण्याची सक्ती कुठेही नाही आणि रहिवाशांना विचारण्याचीही नाही. फीचा तक्ता बजेटच्या कागदांत बसतो आणि एप्रिलपासून वाढीव आकडा भरायचा.

माझं म्हणणं एवढंच : प्राण्यांच्या व्यवसायांनाही पाच वर्षांचं सक्तीचं धोरण आणि जाहीर सल्लामसलत हवी.

कुंपणावरचा नको

सपशेल असहमत. दारूच्या परवान्यात चार उद्दिष्टं आहेत : गुन्हे व गोंधळ रोखणं, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव रोखणं, मुलांचं संरक्षण. चारही गोष्टी गल्लीगल्लीत वेगळ्या, म्हणून धोरण स्थानिक. प्राण्यांच्या परवान्यात एकच प्रश्न असतो, जनावर नीट ठेवलंय का? लीड्समधल्या कुत्र्याला लागणारी जागा ब्रायटनमधल्या कुत्र्यापेक्षा कमी असते का?

म्हणूनच अटी संसदेच्या नियमावलीत आहेत आणि त्यांचा अर्थ केंद्राच्या मार्गदर्शिकेत. पैदाशीत मादी किमान १२ महिन्यांची हवी, १२ महिन्यांत एकच वेत, आयुष्यात सहाच वेतं आणि दोन सिझेरियन झाली की पुढे जोडणी बंद. पिल्लू आठ आठवड्यांआधी विकायचं नाही. यात काउन्सिलने 'स्थानिक गरजेनुसार' काय बदलायचं?

सल्लामसलत उघडली की येणार कोण? भुंकण्याला वैतागलेले शेजारी. त्यांचं दुःख खरं आहे, पण त्याचं खातं नियोजन परवानगीचं आणि १९९० च्या पर्यावरण कायद्यातल्या उपद्रवाचं. प्राणी-परवान्यात आवाजाचं भांडण घुसवलं की निरीक्षक पिंजरा मोजायचं सोडून डेसिबल मोजत बसेल.

वहीखातं

दोघंही तत्त्वावर भांडताय, कळ आहे फीमध्ये.

दारूच्या फी केंद्राने २००५ मध्ये ठरवल्या, त्या तिथेच आहेत. जागेच्या करपात्र मूल्यावरून पाच पट्टे पडतात. ४,३०० पौंडांपर्यंत 'अ' पट्टा, त्याला अर्जाचे १०० आणि दरवर्षी ७०. १,२५,००० च्या वर 'इ' पट्टा, त्याला ६३५ आणि ३५०. काउन्सिलला स्वतःची फी ठरवू द्यायची तरतूद २०११ च्या कायद्यात आली, पण ती लागूच केली नाही. तपासणी वाढली, पगार वाढले, तरी कोपऱ्यावरचं वाइनचं दुकान भरतं वीस वर्षांपूर्वीचाच आकडा.

प्राण्यांच्या फीचा हिशेब मात्र काउन्सिलने खर्च भरून निघेल असा करायचा असतो. नियम १३ वाचा. अर्जाची छाननी, तपासणी आणि नंतरची देखरेख यांचा खर्च त्यात येतो, हे समजण्यासारखं आहे. पण बिनपरवाना व्यवसाय करणाऱ्यांवरच्या कारवाईचा वाजवी खर्चही त्यात घेता येतो. म्हणजे घरी दोन कुत्री सांभाळणारी, कागदपत्रं चोख ठेवणारी बाई, फेसबुकवर चोरून पिल्लं विकणाऱ्याला पकडायचे पैसे भरणार!

सल्लामसलत हवीच असेल तर या आकड्यावर हवी. ताशी दर किती धरला, एका तपासणीला किती तास लावले, बिनपरवानावाल्यांच्या नावावर किती टाकले, ते तक्त्यात दिसू द्या.

टेम्सकाठचा

वहीखातं, हे माझ्याच बाजूचं झालं. धोरणच नसेल तर हे आकडे मागायचे कशाच्या आधारावर?

आणि कुंपणावरचा नको, 'सगळं देशभर एक' हेही अर्धंच खरं. व्यवसाय कशाला म्हणायचं हा निर्णय काउन्सिलचाच असतो. १२ महिन्यांत तीन किंवा जास्त वेतं झाली की परवाना लागतोच, एकही पिल्लू विकलं नाही हे दाखवता आलं तर गोष्ट वेगळी. पण तीनपेक्षा कमी वेतं असतील आणि जाहिरात देऊन विक्री चालू असेल, तर तो धंदा की हौस? मार्गदर्शिका १,००० पौंडांच्या उत्पन्नाची खूण देते, पण ती खूण आहे, रेघ नाही. एक काउन्सिल पत्र पाठवते, शेजारची बघूनही बघत नाही. ही रेघ धोरणात छापली असती तर अर्ज करण्याआधीच लोकांना कळलं असतं.

निळी नोटीस

दारूच्या धोरणाला एवढं डोक्यावर घेऊ नका. ते दात असलेलं वाटतं, पण दात उगवतात हरकत आली तरच.

नव्या परवान्याचा अर्ज आला की जागेवर फिकट निळी नोटीस लागते, किमान ए-४ आकार आणि १६ पॉइंटचा टाइप. दहा कामाच्या दिवसांत स्थानिक वृत्तपत्रात जाहिरात. हरकतींना २८ दिवस. या मुदतीत कुणीच हरकत घेतली नाही तर परवाना द्यावाच लागतो, मग धोरणात काहीही लिहिलेलं असो. अटीही अर्जदाराने स्वतःच्या आराखड्यात कबूल केल्या तेवढ्याच, शिवाय कायद्याने सक्तीच्या. 'आमच्या धोरणाप्रमाणे सगळ्या दुकानांना अमुक सीसीटीव्ही' असं सरसकट चिकटवलं की काउन्सिल अपिलात तोंडावर आपटते.

हरकत आली, सुनावणी झाली, तरी पुरावा लागतो. २००८ च्या थ्वेट्स (पब कंपनी) विरुद्ध विरल (तिथलं दंडाधिकारी न्यायालय) खटल्यात उच्च न्यायालयाने दंडाधिकाऱ्यांचा निर्णय रद्द केला, कारण तो भीतीवर उभा होता, घडलेल्या गोष्टींवर नाही. म्हणजे 'इथे गोंधळ होईल' असं लिहिलेल्या पन्नास पत्रांपेक्षा तारीख-वेळ टाकून ठेवलेली एक वही भारी.

आपल्याकडच्या आडव्या बाटलीच्या मतदानाची सवय असलेला माणूस इथे हमखास गडबडतो. तिथे निम्म्याहून अधिक मतदार जमवायचे असतात. इथे डोकी मोजतच नाहीत.

एका रस्त्यावर दुकानांची दाटी झाल्याचं एकत्रित परिणामाचं मूल्यांकन हे त्यातल्या त्यात धारदार हत्यार. २०१८ पासून त्याला कायद्यात जागा आहे, पण दर तीन वर्षांनी त्याचा फेरविचार करावा लागतो. धोरण पाच वर्षांचं, मूल्यांकन तीन वर्षांचं. दोन्ही कॅलेंडरं एकत्र धरणारा अधिकारी बदली होऊन गेला की मूल्यांकन शिळं होतं, आणि अर्जदाराचा वकील पहिला बाण तिथेच मारतो.

कुंपणावरचा नको

वा! म्हणजे टेम्सकाठच्यांना जे प्राण्यांसाठी हवंय ते दारूत इतकं पोकळ आहे.

श्वानमावशी

पोकळ असलं तरी दार आहे ना हो. प्राण्यांच्या बाजूला भिंत आहे.

घरगुती बोर्डिंगचं गणित मांडते. सरकारच्या तक्त्यात जोखीम कमी की जास्त ते एका बाजूला, दर्जा दुसऱ्या बाजूला; त्यावरून व्यवसायाला तारे आणि परवान्याची वर्षं मिळतात. नव्या व्यवसायाला पाळणुकीचा इतिहास नसतो, म्हणून तो आपोआप जास्त जोखमीचा. त्याने किमान दर्जा अगदी शंभर टक्के पाळला तरी दोनच तारे आणि एक वर्ष. जुन्या, कमी जोखमीच्या व्यवसायाला त्याच दर्जाला तीन तारे आणि दोन वर्षं. वरचा दर्जा गाठला तर नव्याला चार तारे आणि दोन वर्षं, जुन्याला पाच तारे आणि तीन वर्षं. म्हणजे किमान दर्जाचा नवीन माणूस दरवर्षी अर्ज, तपासणी, फी. ग्राहकाला दोन तारे दिसले की त्याला वाटतं, इथे काहीतरी गडबड आहे. तक्ता केंद्राचा आहे, मान्य. पण पहिल्या वर्षाची फी कमी ठेवणं काउन्सिलच्या हातात आहे, आणि ते मागायला व्यासपीठ नाही.

नवीन लोकांसाठी : नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान दहा आठवडे आधी. वेगवेगळ्या घरची कुत्री एकत्र ठेवणार असाल तर दोन्ही मालकांची लेखी संमती. प्रत्येक कुत्र्याला गरज पडली तर वेगळं ठेवता येईल अशी खोली दाखवावी लागते, त्यामुळे किती कुत्री घ्यायची ते बागेवरून नाही, खोल्यांवरून ठरतं. ताऱ्यांवर हरकत असेल तर २१ दिवस, परवानाच नाकारला तर २८ दिवसांत न्यायाधिकरण.

मंडळाचा खजिनदार

थोडं विषयांतर. नवं धोरण आलं की दिवाळीच्या कार्यक्रमात वाइन विकायचे नियम बदलतात का?

निळी नोटीस

नाही. तुम्हाला द्यावी लागते ती तात्पुरत्या कार्यक्रमाची नोटीस, आणि ती सगळी कायद्यातच आहे. फी २१ पौंड. पूर्ण दहा कामाचे दिवस आधी, त्यात नोटीस पोचल्याचा आणि कार्यक्रमाचा दिवस धरायचा नाही. बहुतेक नोटिसा इथेच मरतात. एका वेळी जास्तीत जास्त ४९९ माणसं, आणि त्यात वाढपी, कलाकार, तुम्ही स्वतः सगळे आले. नऊ ते पाच कामाचे दिवस उरले असतील तर उशिराची नोटीस चालते, पण तिच्यावर पोलीस किंवा पर्यावरण आरोग्य खात्याने हरकत घेतली की सुनावणीविना खेळ खलास. आणि तिकिटातच वाइनचा ग्लास 'फुकट' दिला तरी ती विक्रीच.

टेम्सकाठचा

माझी मागणी थोडी आवरती घेतो. श्वानकल्याणाच्या अटींवर सल्लामसलत नको. फीचा हिशेब, नव्या व्यवसायाची पहिल्या वर्षाची फी आणि 'धंदा कशाला म्हणायचं' याची रेघ, या तीनच गोष्टींवर दर पाच वर्षांनी सक्ती हवी.

कुंपणावरचा नको

पहिल्या दोन मान्य. तिसरीवर नाही. रेघ काउन्सिलने छापली की लोक ९९९ पौंडांवर थांबणार.

बाकी तुमच्या फीच्या मुद्द्याला ताजं उदाहरण मीच देतो. माकडवर्गीय प्राणी घरी ठेवायला परवाना लागणारी २०२४ ची नियमावली ६ एप्रिल २०२६ पासून अमलात. त्याचीही फी काउन्सिलनेच ठरवायची. तुमच्या काउन्सिलने ती कुठल्या बैठकीत ठरवली, कार्यवृत्त काढून बघा. मी ज्या दोन ठिकाणची बघितली तिथे ती दफनभूमीच्या दरांच्या खालच्या ओळीत होती.