एआय असिस्टंटला फॉरमॅटर जोडायचा तो नेमका कुठे?

रिकामी_ओळ

कोड लिहिणाऱ्या एआय असिस्टंटला फॉरमॅटर (कोडची मांडणी ठरावीक नियमांनी सरळ करणारं टूल) जोडावा, इथपर्यंत आमच्या टीममध्ये एकमत आहे. कुठे जोडायचा, यावर मात्र रोज खडाजंगी. काहींचं म्हणणं, एमसीपी (असिस्टंटला बाहेरची टूल्स जोडण्याची पद्धत) सर्व्हरमधून फॉरमॅटर त्याच्या हाती द्या, लागेल तेव्हा तो बोलावेल. काही म्हणतात हुक लावा, फाइल बदलली की आपोआप चालेल. माझं मत: दोन्ही नकोत. असिस्टंटची पाळी, म्हणजे एका सूचनेवरचं सगळं काम, संपली की एकदा आणि कमिटच्या (बदल गिटमध्ये नोंदवण्याच्या) आधी एकदा, बस्स.

एमसीपी का नको? फॉरमॅटरचा सगळा फायदाच हा की तिथे कोणाची मर्जी चालत नाही. तोच कोड, तीच आवृत्ती, तेच उत्तर. मॉडेल कधी आठवणीने टूल बोलावेल, कधी न बोलावताच 'फॉरमॅट केलं' म्हणून मोकळं होईल. जे काम हमखास होऊ शकतं ते बेभरवशाच्या हाती कशाला सोपवायचं?

आणि हुक. बरेच असिस्टंट फाइल बदलताना जुना मजकूर जसाच्या तसा शोधून त्या जागी नवा ठेवतात. समजा त्याने पायथनमध्ये सिंगल कोट वापरून एक लांबलचक ओळ लिहिली. लगेच हुकमधल्या ब्लॅक या पायथनच्या फॉरमॅटरने कोट डबल केले, ओळ ८८ अक्षरांच्या मर्यादेत बसवायला तीन तुकडे केले. पुढच्या बदलाला असिस्टंट आपल्याला आठवते ती ओळ शोधतो, ती फाइलमध्ये नसतेच. बदल फसतो, फाइल पुन्हा वाचावी लागते. मोठी फाइल असेल तर टोकन (मॉडेल वाचतं-लिहितं त्या मजकुराचं मोजमाप) पाण्यात.

अर्धविराम

सपशेल असहमत. टोकनचा हिशोब तुम्ही अर्धाच मांडलात. हुक नसला की लोक नियमांच्या फाइलमध्ये 'इंडेंट दोन स्पेसचं, शेवटी कॉमा, कोट डबल' असल्या ओळी कोंबतात आणि त्या दर संवादात मॉडेलला वाचायला लागतात. हुक लावा आणि त्या ओळी उडवा.

शिवाय रेपो (प्रकल्पाच्या कोडचा साठा) आधीपासून फॉरमॅट केलेला असेल तर मॉडेल आजूबाजूचं बघून बहुतेक तसंच लिहितं. फॉरमॅटरला बदलायला फारसं उरत नाही. तुमची कोटांची अडचण ही जिथे ब्लॅक कधी चाललाच नाही अशा रेपोतली आहे.

टॅबवाला

हुकमुळे आमच्याकडे वेगळीच गंमत व्हायची. असिस्टंट आधी वर इम्पोर्टची (दुसरीकडचा कोड वापरायला आणणारी) ओळ घालायचा, खाली फंक्शनमध्ये वापर पुढच्या बदलात. मधल्या क्षणी हुक चालला, इम्पोर्ट कुठे वापरलेलं दिसलं नाही, ओळ गायब. मग टेस्ट फुटली, त्याने इम्पोर्ट पुन्हा घातलं, हुकने पुन्हा काढलं. शेवटी पठ्ठ्याने इम्पोर्ट फंक्शनच्या आतच नेऊन ठेवलं!

अर्धविराम

@टॅबवाला, तो दोष फॉरमॅटरचा नाही. तुम्ही हुकमध्ये लिंटर (कोडमधल्या चुका शोधणारं टूल) घातलाय, तोही चुका आपोआप सुधारणारा 'फिक्स' चालू ठेवून. रफ या पायथनच्या टूलमध्ये 'फॉरमॅट' आणि 'चेक' या दोन वेगळ्या कमांड आहेत. न वापरलेलं इम्पोर्ट काढते ती दुसरी. गो भाषेतही तसंच: तिचा फॉरमॅटर गोफम्ट इम्पोर्ट काढत नाही, गोइम्पोर्ट्स काढतं. हुकमध्ये फक्त फॉरमॅट ठेवा, लिंटर शेवटी चालवा.

टॅबवाला

हे पटलं. पण निम्मं काम शेवटीच ढकलायचं, तर सगळंच शेवटी का नाही?

जुना_डीबगर

तुम्ही सगळे स्वच्छ रेपोवाले दिसता. आमच्याकडे वर्षानुवर्षांचा कोड आहे, फॉरमॅटर कोणी लावलाच नाही. असिस्टंटने तीन ओळींचा बग सुधारला, हुकने अख्खी फाइल सरळ केली आणि रिव्ह्यूला आलेल्या डिफमध्ये (बदललेल्या ओळींच्या यादीत) ते तीन ओळींचं सुधारकाम शोधून सापडेना. इथे पाळी की हुक हा वाद गौण आहे.

उपाय दोन. एकदाच सगळा रेपो फॉरमॅट करून वेगळा कमिट करा आणि त्याचा हॅश (ओळखक्रमांक) एका फाइलमध्ये नोंदवून गिट ब्लेमला (कुठली ओळ कोणी, कुठल्या कमिटमध्ये बदलली ते दाखवणारी कमांड) तो वगळायला सांगा. ही सोय गिट २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून आहे. ते जमणार नसेल तर बदललेल्याच ओळी फॉरमॅट करा. सी++ वाले गिट-क्लँग-फॉरमॅटने हे कधीपासून करतात, ब्लॅकलाही २०२३ मध्ये ओळींची मर्यादा देण्याची सोय आली.

शून्यापासून

आता कोड लिहिणार मशीन, वाचणार मशीन. फॉरमॅटिंग हवंय कोणाला?

जुना_डीबगर

रात्री प्रोडक्शन पडलं की डिफ कोण वाचतं, ते सांगा.

कुलूपकिल्ली

एक मुद्दा कोणीच काढला नाही. हुक तुमच्या खात्याच्या अधिकारांनी, तुमच्या मशीनवर, न विचारता चालतो. प्रीटिअर या फॉरमॅटरची कॉन्फिग (सेटिंगची) फाइल जावास्क्रिप्टची, म्हणजे चालणारा कोड असू शकते, प्लगिन तर कोडच. जुलै २०२५ मध्ये एस्लिंट-कॉन्फिग-प्रीटिअर या पॅकेजच्या मेंटेनरला फिशिंगमध्ये अडकवून काही आवृत्त्यांत विंडोजवर चालणारा घातक कोड घुसवला गेला होता. तेव्हा आवृत्ती पक्की बांधा, हुकमध्ये 'लेटेस्ट' नको. आणि अनोळखी रेपो उघडताना त्यातले हुक आधी डोळ्यांखालून घाला.

रिकामी_ओळ

@कुलूपकिल्ली, हे आमच्या यादीत नव्हतं. सीआयमधली (सर्व्हरवर आपोआप होणाऱ्या तपासणीतली) आवृत्तीही तीच हवी, नाहीतर इथे पास, तिथे नापास.

@अर्धविराम, रेपो स्वच्छ असेल तर हुकचा त्रास कमी, हे मान्य. पण मग हुकचा फायदाही तेवढाच कमी, नाही का?

अर्धविराम

नाही. पाळी संपल्यावर फॉरमॅट केलंत तरी फाइल बदलतेच, म्हणजे पुढच्या पाळीला तीच 'ओळ सापडली नाही'. तुम्ही अडचण काढली नाहीत, पुढे ढकललीत. उलट हुक प्रत्येक बदलानंतर थोडंथोडं बदलतो, आणि फाइल बदलल्याचं असिस्टंटला तिथल्या तिथे कळवता येतं.

रिकामी_ओळ

पाळीमागे एक वाचन आणि बदलामागे एक वाचन, यांत फरक आहे. वीस ठिकाणी हात घालणाऱ्या रिफॅक्टरिंगला तुमचा हुक लावून बघा, मग बोलू.

अर्धविराम

लावलेलाच आहे. गोचा रेपो आहे, गोफम्टला कॉन्फिगच नाही, मॉडेल मुळातच तसं लिहितं. तुमच्या ब्लॅकवाल्या जुन्या रेपोवर मी पैज लावणार नाही.