कोशामागचे दुसरे अमेरिकन

ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशासाठी शब्दांच्या वापराची अवतरणे स्वयंसेवक पाठवीत. त्यांपैकी इंग्लंडमधील ब्रॉडमूरच्या मनोरुग्णालयात बंदिवासात राहून हे काम करणाऱ्या अमेरिकन डॉ. विल्यम मायनर यांच्याविषयी बरेच बोलले जाते, त्यात थोडी भर घालतो. मायनर यांचे खरे मोल त्यांच्या पद्धतीत होते. इतर स्वयंसेवक वाचता वाचता सापडलेली अवतरणे चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवीत. मायनर मात्र आपल्या पुस्तकांतील शब्दांची सूची करून ठेवीत आणि संपादक जेम्स मरे यांच्याकडे कोणत्या शब्दावर काम चालू आहे हे विचारून नेमकी त्याच शब्दाची अवतरणे धाडीत.

मायनर यांच्या आयुष्यातील नाट्यामुळे दुसरे एक अमेरिकन, फिट्झएडवर्ड हॉल, झाकोळले गेले, हे मात्र मला अन्यायाचे वाटते. घर सोडून गेलेल्या भावाच्या शोधात हॉल १८४६ मध्ये कलकत्त्याला निघाले, गंगेच्या मुखाशी त्यांचे जहाज फुटले, आणि हा गृहस्थ भारतातच राहून संस्कृत शिकला व पुढे चक्क काशीच्या सरकारी संस्कृत महाविद्यालयात शिकवू लागला. नंतर लंडनमधील विद्वानांशी बिनसल्यावर ते सफोकमधील एका खेड्यात एकांतात जाऊन राहिले. तेथून त्यांनी सुमारे वीस वर्षे, रोज चारेक तास, विनामोबदला कोशाची मुद्रिते (छपाईआधी तपासायच्या प्रती) तपासली. एवढा पत्रव्यवहार होऊनही मरे यांची आणि त्यांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. हॉल १९०१ मध्ये वारले, मरे १९१५ मध्ये. कोश पूर्ण झाला तो १९२८ मध्ये.