परवाना, रांग आणि बाजार : नियोजनाच्या काळातील तुमचे अनुभव

अनुराधा

वडिलांची कागदपत्रे आवरताना सिमेंटचा एक जुना परवाना हाती आला. पुरवठा कार्यालयाचा गोल शिक्का, शाईने लिहिलेली पोत्यांची संख्या, ती खोडून घातलेला निम्मा आकडा आणि शेजारी कोणाची तरी आखूड सही. आमच्या घराची मागची खोली कित्येक पावसाळे पत्र्याखालीच का राहिली, याचे उत्तर त्या खोडलेल्या आकड्यात होते.

सिमेंटचा दर आणि वाटप दोन्ही तेव्हा सरकारच्या हाती होते. हे नियंत्रण १९८२ साली अंशतः आणि १९८९ साली पूर्णपणे उठले. दर खाली बांधून ठेवला की मागणी फुगते, नवा कारखाना काढणाऱ्याला त्यात काही सुटत नाही, टंचाई हटत नाही आणि मग कोणाला किती द्यायचे हे शिक्का मारणारा ठरवतो. बाजारातल्या किमतीच नसतील तर कोणती वस्तू कोणत्या कामी लावावी याचा हिशेब नियोजनकाराला मांडता येणार नाही, असे अर्थशास्त्रज्ञ लुडविग फॉन मिझेस यांनी १९२० सालीच बजावले होते. टंचाई आणि साठा पाहून किमती वर-खाली करत गेले तर नियोजन मंडळालाही तो हिशेब जुळवता येईल, असे उत्तर समाजवादी अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर लांगे यांनी दिले. पण आमच्याकडे किमती वर-खाली होतच नव्हत्या. सही करणाऱ्याला तालुक्याचा कोटा ठाऊक होता, आमची गळकी भिंत ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

नियोजनामुळे ज्यांचे अडले त्यांनी लिहावेच. पण ज्यांना त्याने हात दिला त्यांनीही मोकळेपणाने लिहावे, अशी विनंती आहे.

कोरडवाहू

एकाधिकार खरेदीत ज्यांनी कापूस घातला त्यांना विचारा. १९७२ पासून राज्यात कापूस सरकारलाच विकायचा असा कायदा होता. संकलन केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग लागायची, रात्र गाडीखाली काढायची, सकाळी ग्रेडर मुठीत कापूस घेऊन दोन बोटांनी धागा ओढून पाहायचा आणि एका शब्दात वर्षाची कमाई ठरवायचा. चुकारे हप्त्याहप्त्याने मिळत. तोवर सावकार दारात उभा असे. शेजारच्या राज्यात भाव चढा असला की रात्री गाड्या सीमेपलीकडे जात, आणि स्वतःचा माल विकणारा शेतकरी कायद्याच्या लेखी गुन्हेगार ठरे.

तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवतो. बाजार पडलेल्या वर्षी हमीभावानेच आमचे घर तगले, आणि त्या वर्षी पलीकडचाच कापूस आमच्या केंद्रावर येत असे.

निशिगंध

टेलिफोनचा विषय अजून कसा निघाला नाही? आजोबांनी नाव नोंदवले आणि जोडणी मिळाली ती त्यांच्या पश्चात, आजीच्या अर्जावर नव्याने वारसनोंद करून. सविस्तर रात्री लिहिते, आता कामावर पोचले आहे.

कसोटी

आमचे घराणे सराफकट्ट्यावरचे. १९६३ च्या सुवर्णनियंत्रणाने १४ कॅरटपेक्षा जास्त शुद्धतेचे दागिने घडवायला बंदी केली. सरकारची अडचण खरी होती हे मी मान्य करतो. चीनशी नुकतेच युद्ध झाले होते, परकीय चलन अपुरे होते आणि चोरट्या सोन्यामागे ते वाहून जात होते. परंतु १४ कॅरटचे सोने कडक असते, नाजूक घडाईत ते तडकते, आणि गिऱ्हाईकाला तसे मंगळसूत्र नको असते. आजोबांची फुंकणी आणि मूस कोनाड्यात गेली आणि ते एका पेढीवर हिशेबनीस झाले. देशाच्या ताळेबंदात योग्य वाटणारा हुकूम कारागिराच्या हातावर कसा पडतो, याचा विचार तो काढणाऱ्यांनी केला नव्हता. लोकांची सोन्याची ओढ कमी झाली नाही. ती चोरट्या मार्गाने भागू लागली. पुढे १९६८ चा कायदा आला आणि तो १९९० साली रद्द झाला, तोवर आमच्या घरात दागिन्याला पाणी, म्हणजे झळाळी, कशी द्यावी हे जाणणारे कोणी उरले नव्हते.

शेवंता

वरचे सगळे वाचून वाईट वाटले, पण माझी आई या धाग्यावर लिहू शकली असती तर तिने वेगळे लिहिले असते. १९७२ च्या दुष्काळात पैसा असणाऱ्याला धान्य मिळत होते. ज्याच्या हाताला काम नाही त्याची भूक बाजाराला दिसतच नाही, कारण बाजार मागणी मोजतो ती खिशातल्या पैशाने. आई रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे. कामावर सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, मिळे आणि रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी. त्या मिलोला नावे ठेवणारे पुष्कळ भेटले, पण तिच्यासाठी तो जीव होता. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली रोजगार हमी १९७७ साली कायद्यात बसवली गेली आणि तिच्यासाठी पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला. तो रस्ता अजून आहे, आमच्या वस्तीची एसटी त्यावरूनच जाते. हे काम कोणत्या व्यापाऱ्याने आपणहून काढले असते?

कोरडवाहू

शेवंताताई, हे अगदी खरे आहे. आमच्या गावचा पाझर तलावही त्याच कामातला आहे.

लेथमशीन

आमचे वर्कशॉप मोठ्या वाहन कारखान्यांना सुटे भाग पुरवत असे. गाडीसाठी लोक वर्षानुवर्षे थांबलेले असत, आमच्याकडे यंत्र आणि माणूस दोन्ही रिकामे असत, आणि तरीही कारखाना उत्पादन वाढवू शकत नसे, कारण परवान्यावर लिहिलेल्या क्षमतेहून जास्त माल काढणे हा गुन्हा होता. २४ जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने १८ उद्योग वगळता परवाना उठवला आणि आम्हाला दुसरी पाळी सुरू करावी लागली.

मात्र पुढचेही सांगतो. एप्रिल २००१ मध्ये आयातीवरची संख्यात्मक बंधने, म्हणजे किती माल आणायचा याच्या मर्यादा, संपली आणि आमच्या गाळ्यांच्या रांगेतले कुलपे व कड्या बनवणारे एकेक करून बंद झाले. त्यांतले काही पन्नाशी ओलांडलेले उत्तम फिटर होते. स्पर्धेने माल स्वस्त झाला हे खरे. त्या माणसांना नवे काम शिकवण्याची जबाबदारी मात्र कोणीच घेतली नाही.

अनुराधा

सर्वांचे मनापासून आभार. कोरडवाहू, तुमच्या दोन परिच्छेदांत मला फार मोठा फरक दिसतो. पडत्या भावात सरकारने खरेदीला उभे राहणे ही हमी आहे. दुसऱ्या कोणाला विकाल तर गाडी जप्त करू, ही मक्तेदारी आहे. शेवंताच्या आईला जे मिळाले ते पहिल्या प्रकारचे होते. कसोटी यांच्या आजोबांवर आला तो मनाईहुकूम. आपण दोन्हींना समाजवाद म्हणतो, आणि मग एकाची बाजू घेताना दुसऱ्याचेही समर्थन करून बसतो. १९४४ च्या मुंबई योजनेत जे. आर. डी. टाटा आणि घनश्यामदास बिर्ला यांच्यासारख्या उद्योगपतींनीही पायाभूत उद्योगांसाठी सरकारी गुंतवणूक मागितली होती, तर १९५५ साली दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या आराखड्यावर अर्थशास्त्रज्ञ बी. आर. शेणॉय यांनी आपली भिन्नमतपत्रिका लिहिली ती मुख्यतः तुटीच्या अर्थभरण्यावर (नवा पैसा काढून सरकारी खर्च भागवण्यावर) आणि वाढत्या नियंत्रणांवर होती.

कसोटी

फरक पटतो, पण हमीचा खर्चही कोणीतरी सोसतो. कापूस योजनेचा तोटा राज्याच्या तिजोरीवरच पडला ना?

कोरडवाहू

पडला, आणि तो लपवण्याचे कारण नाही. पण चढ्या भावाच्या वर्षी आम्हाला बाहेर विकू न दिल्याने आमचा जो तोटा झाला, तो कोणत्याही तिजोरीच्या हिशेबात आला नाही. शेतकरी संघटनेचे शरद जोशी १९८० च्या कांदा आणि ऊस आंदोलनापासून हेच सांगत होते : 'भीक नको, हवे घामाचे दाम.' १९९१ ला बाजार खुला झाला असे लेथमशीन म्हणतात, तो कारखान्यापुरता. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा माझा माल कांदाचाळीत, म्हणजे साठवणीत, होता. मे २०२४ मध्ये बंदी उठली तीही ४० टक्के निर्यातशुल्क लावूनच. तोवर निम्मा कांदा कोंब येऊन गेला होता, आणि त्यासाठी हमीभावही नव्हता.