जुन्या फॉन्टमधील लेख युनिकोडमध्ये आणण्यासाठी मदत हवी आहे

वार्ताहर_पुणे: मी पुण्यातील एका दैनिकात बावीस वर्षे काम करतो. जुने लेख सोमवारपर्यंत संकेतस्थळासाठी द्यायचे आहेत. परंतु मजकूर तेथे चिकटवला, की मराठीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग उमटते. त्यांत १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुरातून वाचलेल्या माणसांच्या मुलाखती आहेत आणि त्यांपैकी बरेच जण आज हयात नाहीत. कृपया लवकर उपाय सांगावा.

अक्षरजुळणी: फॉन्ट कोणता, फाइल क्वार्क या पाने लावण्याच्या सॉफ्टवेअरची की पीडीएफ, हे आपण लिहिलेलेच नाही. जुन्या फॉन्टांत रोमन अक्षराच्या जागी मराठी अक्षराचा तुकडा बसवलेला असे, त्यामुळे फॉन्ट बदलताच मजकूर मोडतो. प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी असल्याने नाव कळल्याशिवाय परिवर्तक, म्हणजे तो मजकूर युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरपद्धतीत बदलणारे साधन, सुचवता येणार नाही.

नदीकाठ: परिवर्तकाच्या फंदात पडू नये. आजोबांच्या कात्रणांचे फोटो काढून मी गूगल लेन्सने मजकूर उचलला आणि तो उत्तम आला.

अक्षरजुळणी: कात्रणाला ते चालते. पूर्ण पानात शेजारचे कॉलम एकमेकांत मिसळतात. मूळ मजकूर संगणकात असताना तो चित्रावरून वाचून घेणे म्हणजे नव्या चुका ओढवून घेणे आहे.

रोजचा_वाचक: माझ्या मते आधी ई-पेपरला वर्गणी लावावी. बातमीदाराच्या श्रमाचे पैसे वाचकाने दिलेच पाहिजेत.

वार्ताहर_पुणे: वर्गणीचा निर्णय माझ्या हाती नाही. पाने लावणाऱ्या जुन्या सहकाऱ्याने सांगितले, की फाइल क्वार्कची आणि फॉन्ट श्रीलिपीचा आहे. परिवर्तकातून एक मुलाखत काढली, तर ‘वर्ष’चे ‘वषर्’ आणि ‘कार्यालय’चे ‘कायार्लय’ झाले.

अक्षरजुळणी: जुन्या फॉन्टांत रफार अक्षरानंतर येई, युनिकोडमध्ये तो ‘र्’ होऊन आधी येतो, परिवर्तकाने ही अदलाबदल केलेली नाही. शब्दाच्या शेवटी आलेला ‘र्’ शोधून दुरुस्त करता येईल, परंतु ‘कायार्लय’सारखे शब्द डोळ्यांनीच वाचावे लागतील. पहिली वेलांटीही तपासावी आणि प्रत्येक लेखावर मूळ प्रकाशनाची तारीख घालावी, नाहीतर जुनी बातमी आजची म्हणून पसरते.

वार्ताहर_पुणे: मनःपूर्वक आभार. सोमवारी केवळ पुराच्या मुलाखती देतो. त्यांतील एकेक शब्द मी स्वतः वाचणार आहे.